कार्बनचे पैसे येतात तेव्हा गावाच्या बाजूने कोण बोलतं?

गेल्या काही वर्षांत आमच्या इकडे, म्हणजे गडचिरोलीच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत, ग्रामसभांमध्ये कार्बनचा विषय निघायला लागलाय. तेंदूचा ठेकेदार लोकांना माहीत आहे, बांबूचा व्यापारी माहीत आहे, मोहफुलं घेणारा दुकानदार तर रोजच्या ओळखीतला. पण हा जो कार्बनसाठी येतो तो म्हणतो की मी जंगलातून काहीच नेणार नाही, झाडं तुमच्याकडेच राहतील, तुम्ही फक्त जंगल राखा, इथे सही करा, पैसे मिळतील. काहीच न नेता पैसे देतो म्हणणाऱ्या माणसावर लोक पटकन विश्वास ठेवत नाहीत आणि माझ्या मते ते अगदी बरोबर करतात.

मी अशा प्रकल्पांचा समन्वय बघते. एका बाजूला ग्रामसभा, दुसऱ्या बाजूला प्रकल्प लिहिणारे, मोजणारे, तपासणारे, क्रेडिट (म्हणजे जंगलाने शोषलेल्या किंवा राखलेल्या कार्बनचं प्रमाणपत्र, जे कंपन्या आपल्या धुराच्या बदल्यात घेतात) विकत घेणारे, आणि मधे आमची छोटी टीम. घरचे विचारतात तू नेमकं करतेस काय, तर ते एका वाक्यात सांगताच येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. दुसरं कारण असं की पुण्या-मुंबईतल्या माझ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींच्या कंपन्या आता कार्बन क्रेडिट घ्यायला लागल्यात आणि ते मला फोन करून विचारतात की चांगला प्रोजेक्ट ओळखायचा कसा. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. झाडं किती, हेक्टर किती, फोटो कसे आहेत ते सगळं नंतर बघा, आधी विचारा की गावांच्या बाजूने बोलतंय कोण. गावांचा स्वतःचा संघ असेल, हिशोब त्याच्या हातात असेल आणि नाही म्हणायची ताकद त्याच्याकडे असेल तर तो प्रकल्प टिकतो. तो नसेल तर मधली संस्था कितीही प्रामाणिक असू दे, तिचं फंडिंग संपलं की गाव पुन्हा एकटं पडतं.

मोजणीपासून सुरू करते कारण बहुतेक गैरसमज तिथेच तयार होतात. मोजणीला जाताना सोबत दोरी, टेप, रंगाचा डबा आणि 1.37 मीटरवर लाल खूण केलेली एक काठी असते. 1.37 मीटर म्हणजे साधारण छातीइतकी उंची, झाडाचा घेर तिथेच मोजायचा, म्हणजे कुणीही कुठेही मोजलं तरी सारखंच मोजलं जातं. झाड उतारावर असेल तर काठी चढाच्या बाजूने टेकवायची, खोड त्या खुणेच्या खालीच दोन फाट्यात फुटलं असेल तर दोन्ही खोडं वेगवेगळी धरायची, टेप तिरका जाऊ द्यायचा नाही. गावातली पोरंपोरी हे एका दुपारीत शिकतात, आणि ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू ही झाडं तर ती पान न बघता नुसत्या सालीवरून सांगतात, बाहेरून आलेल्या फॉरेस्ट्रीच्या मुलांना मोबाईलवर फोटो शोधावा लागतो. एक जण घेर ओरडून सांगतो, दुसरा तोच आकडा परत म्हणतो, तिसरी रजिस्टरमध्ये लिहिते. परत म्हणायची ही पद्धत आम्ही मुद्दाम ठेवलीये कारण जंगलात वाऱ्याच्या आवाजात बासष्टचे बहात्तर व्हायला वेळ लागत नाही.

मग त्या घेरावरून सूत्र लावून झाडाचं वाळलेलं वजन काढतात, त्यातला साधारण 47 टक्के कार्बन धरतात, आणि त्याला 44 भागिले 12 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड किती ते येतं. म्हणजे वाळलेलं वजन 1,000 किलो असलेल्या झाडात 470 किलो कार्बन, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड म्हणून मोजला तर 1,723 किलो, पावणेदोन टनाला जरा कमी. एक टन म्हणजे एक क्रेडिट. इथपर्यंत सगळ्यांना समजतं, शाळेत गेलेले नसलेल्यांनाही समजतं, कारण लोकांना वजन आणि हिशोब चांगला कळतो.

अडचण पुढे आहे. एका गावात मोजणी चालू असताना एक वयस्कर काकाजी बराच वेळ आमच्या मागे मागे फिरत होते, एका मोठ्या मोहापाशी थांबले, खोडावर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, हे झाड माझ्या आजाच्या वेळचं आहे, याचे किती भेटतील?" मी म्हटलं काकाजी, याचे काहीच नाही मिळणार, हे आधीपासून आहे, पैसे फक्त नवीन वाढेल त्याचे, नाहीतर तुटणार होतं आणि वाचलं त्याचे. ते म्हणाले, "म्हणजे ज्यानं तोडलं त्याला पैसे, अन् ज्यानं राखलं त्याला नाही?"

हा प्रश्न मी आजपर्यंत ज्या ज्या मीटिंगमध्ये मांडलाय तिथे मान हलवतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात. पण गावात तो टाळता येत नाही. कार्बन बाजाराचा नियमच असा आहे की प्रकल्प नसता तर काय झालं असतं आणि प्रकल्पामुळे काय झालं यातला फरक विकायचा, त्यामुळे ज्या जंगलाला धोका होता तिथे जास्त क्रेडिट निघतं आणि ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या कुऱ्हाड आवरली तिथे कमी. मेंढा-लेखाचं उदाहरण घ्या. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं, सगळे निर्णय सर्वसहमतीने घेणारं, 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक, साधारण 1,800 हेक्टर जंगल त्यांच्या ताब्यात. 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी आणि गावाने वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवून हे उभं केलं. आता या राखलेल्या जंगलाला कार्बनच्या नियमाने बघितलं तर "फरक" कमीच निघणार. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते लपवून कुठल्याच गावाला सांगत नाही. गावाला पहिल्याच बैठकीत हे सांगायचं असतं, सहीच्या दिवशी नाही. मग गाव स्वतःच बघतं की आपल्या हद्दीतला कुठला भाग उजाड झालाय, कुठे दरवर्षी वणवा लागतो, कुठे गुरांमुळे नवीन फुटवा वर येत नाही, आणि कार्बनचा विचार त्या तुकड्यापुरता करायचा, अख्ख्या जंगलाचा सौदा करायचा नाही.

आता ज्या प्रकल्पाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय तो आपल्याकडचा नाही, मेघालयातला आहे. खासी हिल्स कम्युनिटी रेड प्लस असं त्याचं नाव. रेड प्लस म्हणजे जंगलतोड आणि जंगलाचा ऱ्हास रोखून कार्बन वाचवायचा प्रकल्प. शिलाँगजवळ मावफ्लांग आहे, तिथली लॉ लिंगडोह ही देवराई प्रसिद्ध आहे, साधारण 75-80 हेक्टरची, तिथून एक पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा नियम आणि तो लोक आजही पाळतात. आपल्या कोकणातल्या, मावळातल्या देवराया बघितलेल्या माणसाला तिथे गेल्यावर लगेच ओळखीचं वाटतं. पण देवराईच्या बाहेर पडलं की चित्र वेगळं होतं. उघडे गवताळ डोंगर, बटाट्याची शेतं, दगडाच्या खाणी, कोळशासाठी आणि जळणासाठी तोडलेली झाडं, आणि हिवाळ्यात गवत वाळलं की लागणाऱ्या आगी. हे सगळं उमियम नदीच्या पाणलोटात, म्हणजे विषय नुसत्या झाडांचा नव्हता, पाण्याचा पण होता.

तिथे जमीन आणि जंगल बहुतेक सगळं समाजाचं, कुळांचं, गावांचं आहे, सरकारचं फार थोडं. हिमा म्हणजे त्यांची पारंपरिक राज्यव्यवस्था, तिचा दरबार असतो. तर अशा 10 हिमा एकत्र आल्या, 62 गावं, साधारण 27,000 हेक्टरचा परिसर, आणि त्यांनी स्वतःचा संघ नोंदवला. नाव मोठं आहे, का सिन्जुक की हिमा अर्लियांग वाह उमियम मावफ्लांग वेल्फेअर सोसायटी, सगळे नुसतं सिन्जुक म्हणतात. तांबोर लिंगडोह यांनी त्यात पुढाकार घेतला, कम्युनिटी फॉरेस्ट्री इंटरनॅशनल या संस्थेने तांत्रिक बाजू सांभाळली, आणि प्लॅन विवो या कार्बन प्रकल्पांच्या मानकाखाली प्रकल्पाला 2013 मध्ये मान्यता मिळाली. गावसमाजाच्या जंगलावर असा रेड प्लस प्रकल्प भारतात पहिल्यांदा झाला तो हा.

मला त्यात सगळ्यात जास्त काय भावलं तर क्रम. आधी गावं एकत्र आली, आधी पाणी आणि आगीचा प्रश्न त्यांनी आपला मानला, कार्बन नंतर आला. कार्बन हा त्या कामाला पैसे मिळवायचा एक मार्ग होता, कामाचं कारण नव्हता. आपल्याकडे आता उलटं होतंय, आधी क्रेडिटचा अंदाज काढलेली फाइल तयार होते आणि मग त्यात बसणारी गावं शोधतात, आणि मग माझ्यासारख्यांना सांगतात की तीन महिन्यांत ठराव पाहिजेत.

तिथली कामं बघा, एकही भारी तंत्रज्ञानाचं नाही. आगीच्या सीझनआधी गवत कापून, जाळून जाळरेषा काढायच्या आणि गावातल्या तरुणांनी पाळत ठेवायची. उजाड डोंगरावर नवीन रोपं लावण्यापेक्षा जे खुंट आणि मुळं जमिनीत जिवंत आहेत त्यांना फुटू द्यायचं, आजूबाजूचं गवत काढायचं, दाटी झाली की विरळणी करायची, गुरं आणि आग लांब ठेवायची, याला सहाय्यित नैसर्गिक पुनरुत्पादन म्हणतात आणि ते लागवडीपेक्षा खूप स्वस्त पडतं आणि तिथलंच जंगल परत येतं. जळण कमी लागावं म्हणून सुधारित चुली. मोकाट चरणाऱ्या गुरांऐवजी डुकरं आणि कोंबड्या, त्यासाठी बायकांचे बचत गट. प्रत्येक भागात स्थानिक कार्यकारी समिती आणि गावागावात फिरणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्या, त्यात बायका भरपूर. मी तिथे गेले तेव्हा अशाच एका कार्यकर्तीबरोबर डोंगरावर चढले होते, ती हातातल्या काठीने गवत बाजूला करून खालचा फुटवा दाखवायची, हा दोन वर्षांचा, हा चार वर्षांचा, इथे मागच्या वर्षी आग शिरली होती म्हणून हा परत पहिल्यापासून. तिच्याकडे नकाशा नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती. खाली आल्यावर तिने क्वाय म्हणजे पान-सुपारी दिली आणि वही उघडून कुठल्या गावाने पैशातून काय करायचं ठरवलंय ते वाचून दाखवलं. ती वही संघाची होती, बाहेरच्या संस्थेची नव्हती. मला वाटतं माझं या विषयावरचं मत तिथेच पक्कं झालं.

आगीचं आपल्याकडे कारण वेगळं आहे पण प्रश्न तोच. गडचिरोली-चंद्रपुरात उन्हाळ्याच्या तोंडाला जंगल पेटतं, त्यामागे मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा साफ व्हावी म्हणून लावलेली आग असते आणि तेंदूला चांगला फुटवा यावा म्हणून लावलेली पण असते. तेंदू म्हणजे आमच्याकडे रोख पैसा, मे महिन्यातले ते काही दिवस, सत्तर पानांचा एक पुडा, फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेऊन मोजून द्यायचा, त्यावर पावसाळ्यातलं बियाणं आणि शाळेचा खर्च निघतो. त्यामुळे बाहेरून येऊन "आग लावू नका" म्हणणं सोपं आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने मात्र सामूहिक वनहक्क मिळाल्यावर स्वतः विचार करून तेंदू तोडायचंच थांबवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटतात आणि आग लावतात, त्याने जंगलाचं नुकसान होतं असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांनी बांबूवर भर दिला. हे कुठल्या कार्बन कंपनीने सांगितलं नव्हतं. प्रत्येक गावाने तेंदू सोडावा असं मी म्हणत नाही, कित्येक घरांना ते परवडणारच नाही, पण असा निर्णय गाव घेतं तेव्हा तो पाळला जातो, आणि करारातल्या कलमात लिहिला म्हणून पाळला जात नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता पैशांचं. लोकांना वाटतं कार्बन म्हणजे लाखो-करोडो. मी बैठकीत फळ्यावर एक हिशोब मांडते, आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले. समजा गावाने 100 हेक्टर उजाड तुकडा राखला आणि दर हेक्टरी वर्षाला 3 टन वाढ धरली, तर 300 टन. पुढे आग लागली, झाडं मेली तर भरपाई म्हणून काही क्रेडिट बाजूला ठेवावे लागतात, समजा 20 टक्के, राहिले 240. भाव समजा 8 डॉलर, म्हणजे 1,920 डॉलर, डॉलर 85 रुपये धरला तर 1 लाख 63 हजारांच्या आसपास. प्लॅन विवोचा नियम आहे की विक्रीच्या किमान 60 टक्के पैसा समाजाकडे गेला पाहिजे, म्हणजे साधारण 98 हजार. गावात 80 घरं असतील तर घरामागे वर्षाला बाराशे रुपये आणि थोडे वर. फळ्यावर हा आकडा आला की बैठकीत एकदम शांतता होते आणि मग कुणीतरी म्हणतं, एवढ्यासाठी एवढी वर्षं? आणि मला वाटतं हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. कारण बाराशे रुपये वाटून घेतले तर ते किराण्यात जातात, पण 98 हजार दरवर्षी ग्रामसभेच्या खात्यात आले तर जंगलाच्या राखणीला दोन माणसांची काही महिन्यांची मजुरी निघते, जाळरेषा निघतात, एखादं तळं दुरुस्त होतं. केनियाच्या किनाऱ्यावर गाझी उपसागरात मिकोको पमोजा नावाचा खारफुटीचा प्रकल्प आहे, 117 हेक्टरचा छोटासा, 2013 पासून चालू, गावकरीच चालवतात, आणि त्याचा पैसा पाण्याच्या सोयीवर आणि शाळेवर खर्च होतो. लहान प्रकल्प, थोडा पैसा, पण कशावर खर्च झाला ते गावातल्या पोरालाही सांगता येतं.

शिवाय हा पैसा उशिरा येतो. आधी कागद, मग मोजणी, मग बाहेरच्या तपासनीसाची तपासणी, मग नोंदणी, मग विक्री. यात वर्षं जातात. आणि तपासणीचा खर्च लहान गावाला एकट्याने झेपूच शकत नाही, म्हणून गावं एकत्र यावी लागतात, संघाचं हे एक अगदी व्यवहाराचं कारण.

गावात कोण किती गमावतं हे बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग. एखादा तुकडा चराईसाठी बंद केला तर ज्याच्याकडे चारा विकत घ्यायला पैसे आहेत त्याचं काही अडत नाही, शेळ्यांवर जगणाऱ्या बाईचं अडतं. जळणाचा भारा आणायला लांब जावं लागलं तर ते डोक्यावर बाईच्याच येतं. जंगलावर सगळ्यात जास्त अवलंबून असतात ती भूमिहीन घरं आणि बैठकीत सगळ्यात मागे बसतात तीच. वनहक्क कायद्याच्या नियमात लिहिलंय की ग्रामसभेला निम्मे तरी सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका पाहिजेत. कागदावर हे पूर्ण करणं सोपं आहे, सह्या आणि अंगठे मिळतात. आम्ही म्हणून मुख्य ग्रामसभेच्या आधी टोला-टोल्यावर, म्हणजे वस्ती-वस्तीवर, वेगळ्या बैठका घेतो, बायकांची वेगळी, आणि तीही मोहफुलं वेचून झाल्यावर दुपारी, कारण सकाळी कोणीच घरी नसतं. एका टोल्यावरच्या बायकांनी आम्ही आखलेल्या बंदीच्या तुकड्यातून पाणवठ्याकडे जाणारी गुरांची वाट सोडायला लावली. नकाशावर ती वाट दिसतच नव्हती. रेष पुन्हा आखली, क्षेत्र कमी झालं, अंदाजित क्रेडिट कमी झालं, प्रकल्पवाले थोडे नाराज झाले, पण त्यानंतर त्या टोल्यावरच्या बायका स्वतः रोपांची राखण करायला लागल्या.

कार्बन कुणाचा, हा पण एक लटकलेला प्रश्न. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क दिलाय, गौण वनोपजात बांबू, तेंदू, मोह सगळं धरलंय, पण कार्बनचं नाव कायद्यात कुठेच नाही. त्यामुळे करार कोण करणार, वनखात्याची भूमिका काय, पैसा कुणाच्या खात्यात, हे सगळं आधी लेखी स्पष्ट करून घ्यावं लागतं. आम्ही ग्रामसभांना सांगतो की सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर नसेल तर कार्बनच्या कागदाला हात लावू नका, आधी हक्क. शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरची झाडं असतील तर गोष्ट जरा सोपी, सातबारा असतो, तिथे मला फार काही सांगायचं नाही.

2023 च्या जानेवारीत ब्रिटनचं गार्डियन, जर्मनीचं डी त्साइट आणि सोर्समटेरियल ही शोधपत्रकारिता करणारी संस्था यांनी मिळून एक शोध छापला होता, त्यात म्हटलं होतं की व्हेरा या क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या पर्जन्यवनांच्या क्रेडिटांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त क्रेडिटांमागे खरी कार्बन बचत बहुधा नाही. व्हेराने ते मान्य केलं नाही, पण बाजार हलला. त्याच वर्षी झिंबाब्वेतल्या करिबा प्रकल्पातून साउथ पोल ही कार्बन क्रेडिट विकणारी मोठी कंपनी बाहेर पडली, तिथे पण वाचलेलं जंगल फुगवून दाखवल्याचे आणि गावांपर्यंत पैसा किती पोचला याचे प्रश्न होते. आणि 2025 च्या सुरुवातीला केनियातल्या इसिओलोच्या न्यायालयाने तिथल्या चराऊ कुरणांच्या कार्बन प्रकल्पाच्या भागातली दोन संवर्धन क्षेत्रं लोकांचा योग्य सहभाग न घेता बनवली म्हणून घटनाबाह्य ठरवली. हे सगळं मी ग्रामसभांमध्ये सांगते, भीती घालायला नाही, त्यांना प्रश्न विचारता यावेत म्हणून. आणि लोक विचारतात. कंपनी बुडाली तर करार कुणाशी राहील? माझ्या मुलाला पुढे इथे घर बांधायचं झालं तर? वणवा बाजूच्या गावाच्या हद्दीतून आला तर दंड आम्हाला का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कंपनीकडून आम्हाला आलेल्या कराराच्या मसुद्यात नीट नव्हतं.

त्या मसुद्यात करार 40 वर्षांचा होता, बाहेर पडायचं कलम फक्त कंपनीच्या बाजूने, आणि वाद झाला तर महानगरातल्या न्यायालयात जायचं. कोरचीच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर अख्खा दिवस जातो. आम्ही गावांबरोबर बसून एकेक कलम वाचलं, गोंडीत आणि छत्तीसगढीत समजावलं, यात पूर्ण उन्हाळा गेला, आणि ग्रामसभांनी बदल लिहून पाठवले: दर पाच वर्षांनी फेरविचार, दोन्ही बाजूंना बाहेर पडायचा हक्क, मोजणीचे सगळे आकडे गावाकडे, विक्री किती भावाने झाली ते लेखी, पैसा थेट ग्रामसभेच्या खात्यात, आणि वाद आधी जिल्ह्यातच मिटवायचा. कंपनीने यातलं बरंचसं मानलं, विक्रीचा भाव सांगायला मात्र अजून तयार नाहीये, आणि भाव कळल्याशिवाय सही नाही असं ग्रामसभांनी ठरवलंय. मी त्यांच्या बाजूने आहे. 60 टक्के कशाचे, हेच माहीत नसेल तर 60 टक्क्यांना काय अर्थ?

हे सगळं एकेका गावाने करणं शक्य नव्हतं. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा बनवलीये, तेंदू आणि बांबूच्या व्यवहारात ठेकेदारासमोर एकेकटं न बसता सगळ्यांनी मिळून बसायचं म्हणून. लिलाव, हिशोब, ठेकेदाराची थकबाकी वसूल करणं, हे सगळं ते करत आलेत, त्यामुळे वाटाघाटी म्हणजे काय हे तिथल्या लोकांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. कार्बनचा समन्वय पण अशाच संघाने करावा, त्यातल्या चार-पाच पोरापोरींना मोजणी, जीपीएस, एक्सेल, करार वाचणं हे नीट शिकवावं आणि त्यांना पूर्णवेळ पगार द्यावा, स्वयंसेवक म्हणून राबवू नये. प्रकल्पाच्या बजेटमध्ये सल्लागाराला, सॅटेलाइटच्या फोटोंना, तपासणीला पैसे असतात आणि गावातल्या समन्वयकाच्या ओळीपुढे "मानधन" असं लिहून फोनचं बिल जेमतेम भागेल एवढी रक्कम असते. जो माणूस मार्चच्या दुपारी वणव्याची खबर आली की सायकलवर निघतो, रात्री दोन गावांच्या हद्दीचा वाद मिटवतो, आणि पुढच्या आठवड्यात तपासनीसाला सगळे प्लॉट दाखवतो, त्याला आमच्या बजेटमध्ये सगळ्यात कमी पैसे. क्रेडिट घेणाऱ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे की ही एक ओळ उघडून बघा आणि ती वाढवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सध्या आम्ही खटपट करतोय ती इथल्या ग्रामसभांच्या काही लोकांना मावफ्लांगला नेण्यासाठी, त्यात निम्म्या बायका असाव्यात असं ठरलंय, आणि जमलं तर पुढच्या वर्षी सिन्जुकच्या कार्यकर्त्यांना इकडे तेंदूच्या सीझनमध्ये बोलवायचं. सिन्जुकने पहिली दहा वर्षं कशी काढली, भाव पडला तेव्हा काय केलं, एखादं गाव मधेच बाहेर पडतो म्हणालं तर कसं समजावलं, हे लोकांनी लोकांकडूनच ऐकावं, माझ्या तोंडून नाही. प्रवासाचे पैसे जवळजवळ जमलेत. अडलंय ते भाषेवर. खासी आणि हिंदी दोन्ही नीट येणारा, डोंगरात चालायची तयारी असलेला दुभाषी पाहिजे, आणि आमच्याकडून छत्तीसगढी-हिंदी करणारी एक ताई तयार आहे. शिलाँगमध्ये राहणारं किंवा तिथे नोकरी केलेलं कुणी हे वाचत असेल आणि असं कुणी ओळखीचं असेल तर मला कळवा, नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी उरकली की निघायचा विचार आहे.